शेरा: उत्साह जास्त

काशिनाथ तांडेलबद्दल मी याआधी एकदाच लिहिलं आहे, आणि ते वाईट लिहिलं आहे. एकच ओळ होती: ‘कामापेक्षा इतर गोष्टींत उत्साह जास्त.’ ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात दरवर्षी प्रत्येकाच्या कामाचं मूल्यमापन होई. त्या फॉर्मवर टीमचा प्रमुख म्हणून मी हा शेरा लिहिला आणि काशीला सगळ्यात खालची श्रेणी दिली. शिवाय त्याला सांगितलं, की हे वरून आलं आहे. पुढे त्या श्रेणीमुळेच त्याची नोकरी गेली. सात वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नाही. वैशालीला, माझ्या बायकोलाही नाही. आता ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगून झालं आहे, म्हणून काशीविषयी पुन्हा लिहायला बसलो आहे. या वेळी एका ओळीत आटपणार नाही.

आमचं काम विम्याचे दावे तपासण्याचं. दिवसभर स्क्रीनवर लोकांची ऑपरेशनं, अपघात आणि हॉस्पिटलची बिलं बघायची. मी साताऱ्याकडचा. दुसऱ्या कंपनीतून इथे आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी कँटीनच्या कोपऱ्यात डबा उघडून बसलो होतो. एक रुंद खांद्यांचा, डोक्यावर केस विरळ झालेला माणूस समोर येऊन उभा राहिला.

“एकटाच काय जेवतंस? मयताला आलास का?”

मी काही बोलायच्या आत त्याने माझ्या डब्याचं झाकण लावलं, डबा उचलला आणि चालू लागला. डबा गेला म्हटल्यावर मलाही मागोमाग जावं लागलं. त्यांच्या टेबलावर एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली होती. ती कायम रिकामी असे, आणि जो कुणी एकटा जेवताना दिसेल त्याला काशी तिथे आणून बसवी. कधी नवीन लागलेली मुलगी, कधी एसी दुरुस्त करायला आलेला माणूस. एकदा तर तपासणीला आलेले, सगळ्या ऑफिसने टरकून असावं असे ऑडिटर. त्यांनाही त्याने अर्धी तांदळाची भाकरी आणि चिंबोरीचा एक डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, वाढला. डेंगा फोडायचा कसा हे त्यांना येईना, तेव्हा “साहेब, आमच्या चुका फोडता तसा फोडा,” असं म्हणाला. ऑडिटर हसले. आम्हीच हसलो नाही.

तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अहोजाहो करत होतो. तिसऱ्या दिवशी त्याने ते बंद केलं. म्हणाला, “तुमी नको बोलूस. मना सासरी आल्यासारखा वाटतं.” मला तो पहिल्या दिवसापासून ‘सातारकर’ म्हणे. शरद हे माझं नाव त्याने घेतलं की मी दचकत असे.

काशी करावे गावचा. वाडवडील खाडीत मासेमारी करायचे. हा मात्र बी.कॉम. होऊन नोकरीला लागला, पण खाडी काही डोक्यातून गेली नव्हती. भरती-ओहोटीचं गणित त्याने आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. आज अष्टमी, तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. दिल्लीहून आलेल्या पोरींनाही तो भरतीची वेळ विचारी आणि त्या कॅल्क्युलेटर काढून सांगत. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत भरतीची वेळ कळून कुणाला काय उपयोग होता, मला माहीत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत आज पाणी किती वाजता चढणार हे सांगण्यात एक मजा होती. बाकीचं सगळं कंपनीच्या वेळेवर चालायचं, आणि ही एकच वेळ कंपनीच्या हातात नव्हती.

सकाळी आला की त्याचा पहिला प्रश्न, “नवीन काय?” बातम्या नकोच असत त्याला. काल काय नवीन शिकलास, कुणाला नवीन भेटलास, हे त्याला हवं असे. काही नाही म्हटलं की त्याला खरंच वाईट वाटे. मग त्याच्याकडचं काहीतरी तो देई. मल्याळममध्ये ‘जेवलास का’ कसं विचारतात. चिकूचं कलम कसं बांधतात. झोप आली तरी मान न पाडता कसं बसायचं. अशाने काम मागे पडत असेल, असं कुणालाही वाटेल. पडत नव्हतं. त्याचा वेग मध्यम होता, पण तपासून गेलेल्या फायलींपैकी चुकीसाठी परत येणाऱ्या सगळ्यात कमी फायली त्याच्या असत. हे मला तेव्हाही माहीत होतं. शेरा लिहितानाही माहीत होतं.

एका शनिवारी त्याने आम्हा आठ जणांना, बायकामंडळी धरून, चुलतभावाच्या होडीतून खाडीत नेलं. रोहित पक्षी दाखवायचे होते. एकादशी होती, म्हणजे सव्वाआठची भरती. नऊला निघून अकराच्या आत परतायचं ठरलं होतं. पक्षी दिसले. हजारोंनी होते, चिखलावर गुलाबी रंग सांडल्यासारखे. मग काशीने जाळ्याची गाठ कशी मारतात ते दाखवायला घेतलं. गाठीवरून त्याच्या आजाची गोष्ट निघाली, आजावरून आजाच्या होडीची. तो सांगत होता, आम्ही ऐकत होतो, आणि खालचं पाणी मुकाट निघून गेलं. साडेबाराला होडी चिखलात बसली ती बसलीच.

चुलतभाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, “आडनाव तांडेल. आनि होडी चिखलात.” तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. काशीने कान पकडले, सगळ्यांची माफी मागितली, आणि पुढच्या मिनिटाला म्हणाला, की आता चार तास आपण कुठे जात नाही, तर प्रत्येकाने ऑफिसात कुणालाच माहीत नसलेली आपली एक गोष्ट सांगायची. वैशालीचा उपास होता. तिच्याकडे शेंगदाण्याच्या लाडवांचा एक डबा होता, तो आठ जणांत फिरला. आमच्यातली मीना नावाची एक बाई वर्षभर ‘गुड मॉर्निंग’पलीकडे बोलली नव्हती. तिने तोंडाने सहा पक्ष्यांचे आवाज काढून दाखवले, आणि सहाव्याला लांबून उत्तर आलं, अशी आमची खात्री आहे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला काही येत नाही.

“तुना ऐकता येतं,” काशी म्हणाला. “ते लई कमी जनांना येतं.”

साडेचारला पाणी आलं. उन्हाने सगळ्यांचे चेहरे भाजले होते. सोमवारी ऑफिसात आम्ही होडीतले लोक एकमेकांकडे बघून उगाच हसत होतो. त्या चार तासांनंतर मी त्या ऑफिसात परका राहिलो नाही.

आई गेली त्यानंतर दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी गावाहून घणसोलीच्या फ्लॅटवर आणलं. सहावा मजला. दादांनी बोलणं जवळजवळ सोडलं. विचारलं तर हो, नाही, एवढंच. दिवसभर गॅलरीत बसत. आम्ही दोघं नोकरीवर जायचो, संध्याकाळी येऊन त्यांना औषधं घेतली का विचारायचो. यापलीकडे काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी फारसा विचारही करत नव्हतो.

काशी एका रविवारी घरी आला. दादांना नमस्कार करून शेजारी बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, की तुमच्याकडे बैलांना चऱ्हाट लागायचं ते विकत आणायचात की घरी वळायचात. दादा म्हणाले, घरी. काशी म्हणाला, “काका, मना शिकवा. आमी जाळी विनली, पन दोर कधी वळला नाय.”

पुढच्या रविवारी तो जुन्या जाळ्यांचं सूत पोतंभर घेऊन आला. दादा आधी सुतावरच चिडले. हे असलं गुळगुळीत नायलॉन, याला पीळ कसा बसणार? पण चिडले, म्हणजे बोलले. मग गॅलरीच्या गजाला एक टोक बांधून दोघांनी पीळ भरायला सुरुवात केली. काशीचा हात चुकला की दादा त्याला “अरे आगरी माणसा” असं ओरडत आणि काशी “जी काका” म्हणून पुन्हा घेई. बदल्यात त्याने दादांना जाळ्याची गाठ शिकवली. सव्वा वर्ष हे चाललं. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला कपडे वाळत घालायला दादांनी वळलेली दोरी मिळाली. काशी मला एकदाही म्हणाला नाही, की तुझ्या बापासाठी मी एवढं करतो. त्याला ते करणं वाटतच नव्हतं. त्याला खरोखरच दोर वळायला शिकायचा होता.

आणि हे चालू असतानाच, एका मार्चमध्ये मी तो फॉर्म भरला.

आमच्या कंपनीत नियम असा, की प्रत्येक टीममधला एक तरी माणूस सगळ्यात खालच्या श्रेणीत बसलाच पाहिजे. चौदाच्या चौदा जण चांगलं काम करत असले तरी एकाला तिथे बसवायचं. नियम माझा नव्हता. नाव कुणाचं, हे मात्र माझ्यावर होतं. एक बाई बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतली होती. तिचं लिहिलं तर लोक मला नावं ठेवतील. एक जण कामात ढिला होता, पण तो थेट वरच्या साहेबांकडे तक्रार घेऊन जाणारा होता. मी आठ दिवस घोळत राहिलो. शेवटी काशीचं नाव लिहिलं. का, तर तो समजून घेईल. भांडणार नाही. मित्र आहे. नाव ठरल्यावर कारण शोधायला लागलं, तेव्हा जी गोष्ट मला त्याच्यात सगळ्यात आवडत होती तीच कारण म्हणून लिहिली.

फॉर्म वाचून त्याने मला विचारलं, “वरच्या कोनी मना कधी बघितला रं?” मी म्हटलं, त्यांच्या पद्धती असतात, काय करणार. त्याने मान हलवली. जाताना मलाच म्हणाला, की तुला मधल्यामध्ये किती त्रास होत असेल. सहा महिन्यांनी कंपनीने माणसं कमी केली तेव्हा खालच्या श्रेणीतल्या सगळ्यांना एकेक करून आत बोलावलं आणि राजीनामे घेतले. तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता.

तो गेल्यावर मी त्याला टाळू लागलो. त्याचा फोन आला की मीटिंगमध्ये आहे असं सांगायचो. दादा दर रविवारी सकाळी आवरून बसत आणि विचारत, तो येणार का. कधी तो येई, तेव्हा मी बाजाराचं निमित्त काढून बाहेर पडे. दादा गेले तेव्हा खांदा द्यायला काशी माझ्या बरोबरीने होता. वैशाली म्हणाली, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

करावेचं घर भावंडांत वाटलं गेलं, तसा काशी करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला. तिथल्या त्याच्या कथा मला इतरांकडून कळत. बिल्डिंगच्या दारात सामानाचा टेम्पो लागला, की हा चहाची किटली घेऊन खाली उतरतो. नवीन माणसांना पाणी कधी येतं, गिरणी कुठे आहे, कुणाच्या घरी गजर लावल्यासारखं घोरतात, सगळं सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला न्यायला दारात हजर. बिल्डिंगमध्ये बेचाळीस बिऱ्हाडं आहेत आणि बेचाळिसांची नावं त्याला येतात. हे ऐकून मला बरं वाटे. माझ्या हातून त्याचं फार बिघडलं नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

यंदा त्याचा फोन आला तो मी घेतला. साठी होती. बिल्डिंगवाले रविवारी कार्यक्रम करणार होते. म्हणाला, “सातारकर, तू बोलायचास. माज्या सगळ्यात जवळचा मानूस म्हनून तुजं नाव दिलंय.”

माईकसमोर उभं राहून त्याचा सगळ्यात जवळचा माणूस म्हणून बोलायचं, हे मला जमणार नव्हतं. नाही म्हणणंही जमणार नव्हतं. चार दिवस जेवण गेलं नाही, तेव्हा वैशालीने विचारलं आणि मी तिला सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, की मला काय सांगतोस, त्याला सांग, शनिवार मोकळा आहे.

कार्यक्रम छान झाला, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी मी बोललो. चिखलात बसलेल्या होडीची गोष्ट सांगितली, दादांची सांगितली. लोक हसले, एक-दोघांनी डोळे पुसले. दुसरी गोष्ट मी तिथे सांगितली नाही. ती चारचौघांत सांगायची नाही, असं काशीनेच बजावलं होतं. घरी येऊन मी दुपारी दोन तास गाढ झोपलो. इतकी निवांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आता आदल्या दिवशीचं.

शनिवारी चारला करंजाड्याला पोचलो. काशी पाहुण्यांची यादी घेऊन बसला होता. कोण कुणाशेजारी बसलं तर त्यांची ओळख जमेल, याचा नकाशाच त्याने कागदावर काढला होता. तो मला एकेक नाव समजावून सांगू लागला. तारावहिनी, त्याची बायको, पोहे घेऊन आली आणि हसत म्हणाली, “आता बघा कसा नाचतंय. नोकरी गेली तवा वरीसभर, तुमच्या दादांकडं काय जायचा तेवढं सोडून, हा मानूस घराभाहेर पडला नव्हता, भावोजी. मना इचारायचा, मी लई बोलतंय का गं? लोकांना माजा तरास व्हतो का?”

काशीने तिला ‘जाऊ दे ना ते’ अशा अर्थाने हात हलवला. माझ्या हातातली पोह्यांची बशी मी खाली ठेवली.

सांगायला सुरुवात केली ती नियमापासून. चौदा जणांत एक खाली टाकावाच लागतो. मग त्या बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या बाईचं सांगितलं, तक्रारखोर माणसाचं सांगितलं, वरून किती दबाव होता ते सांगितलं. बराच वेळ बोलत होतो. मध्येच कुठेतरी नाव मी लिहिलं, शेरा माझा होता, हेही बोलून गेलो. काशीने यादीचा कागद घडी करून खिशात ठेवला. उठला आणि गॅलरीत गेला. वहिनी दारात उभी होती. मला निघून जावंसं वाटत होतं. ती म्हणाली, “बसा.”

तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. इतक्या वर्षांत मी त्याला रागावलेला पाहिलाच नव्हता.

“शरद,” तो म्हणाला, “तुना कोनाला तरी खाली टाकायचाच होता, तर माज्याकडं येऊन बोलायचं होतंस. मी बोललो असतो, टाक माजं नाव. देवाशपथ बोललो असतो. मंग मी मित्रासाठी काय तरी केलं, असा घरी येऊन हिला सांगितला असता. तू ते पन मना करू दिलं नाय.”

मी पुन्हा नियमाचं काहीतरी बोलू लागलो, तर त्याने हात वर केला.

“ती कंपनीची गोष्ट झाली. ती मना म्हाईत हाय. तुजी सांग. कारनं नको.”

तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ, आणि वाट बघू लागला. राग गेला नव्हता. पण तो उठून जाणार नव्हता, हे मला दिसत होतं. छातीवरचं काहीतरी त्या क्षणीच हलायला लागलं.

“काशी,” मी म्हटलं, “तुझं नाव मी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. तू भांडणार नाहीस म्हणून लिहिलं. तुझ्यातलं जे सगळ्यात चांगलं होतं तोच तुझा दोष म्हणून लिहिला, आणि मग तुझ्या तोंडावर खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर.”